अंगठ्यातून निघालेली माझी चूक

धर्माबादच्या मंगल कार्यालयात त्या रविवारी लग्न नव्हतं, तरी पाय ठेवायला जागा नव्हती. आईबाप पोरांना घेऊन रांगेत उभे होते. स्टेजवर भगव्या रेशमी कुर्त्यातले रेणुकादास महाराज आणि त्यांच्यापुढे हिरवा दिवा लागणारं एक छोटं यंत्र. पोरानं त्यावर अंगठा ठेवायचा, महाराजांनी डोळे मिटायचे आणि बाजूच्या प्रिंटरमधून पोराच्या मेंदूचा अहवाल बाहेर यायचा. तसलंच यंत्र सरकारी कचेऱ्यांत हजेरीसाठी असतं. तिथं त्याला कारकून वेळेवर आला की नाही एवढंच कळतं. इथं त्याला पोरगं डॉक्टर होणार की नाही हेही कळत होतं.

"जर्मनीत संशोधन झालं, जपानमध्ये झालं," महाराज माइकवर सांगत होते. "शेवटी सगळे आले कुठं? आपल्या ऋषींच्या अंगठ्यापाशी. मेंदूच्या बहात्तर हजार नाड्या अंगठ्यात येऊन थांबतात. मशीन फक्त त्या वाचतं." ऋषींकडे प्रिंटर कुठून आला, हे कुणी विचारलं नाही.

पण लोक या बडबडीला भुलले नव्हते. अहवाल खरे निघत होते. 'वाचताना ओळीवर बोट धरतो, बोट काढलं की थांबतो,' असं एका मुलाबद्दल निघालं आणि त्याची आई रडायलाच लागली. 'सातचा पाढा अडतो, आठचा घडाघडा म्हणते,' असं एका मुलीबद्दल निघालं, तर तिच्या बापानं महाराजांचे पाय धरले.

मी विनीता, जिल्हा परिषदेच्या शाळेत बावीस वर्षं शिकवते. मी तिथं गेले होते तनुजासाठी. तनुजा माझ्या पाचवीच्या वर्गातली. तिला नवोदयच्या परीक्षेला बसवायचं म्हणून वर्षभर तयारी करून घेतली होती. अर्जावर बापाची सही तेवढी राहिली होती आणि सोमवार शेवटचा दिवस. शनिवारी तिचा बाप ग्यानोबा इथून अहवाल घेऊन थेट माझ्याकडे आला आणि अर्ज तसाच परत केला.

"मशीननं सांगितलंय, पोरीला आकड्याचं डोकंच न्हाई," तो म्हणाला. "उगं कशाला परीक्षेला बसवून तिचा पानउतारा करायचा, बाई? रानात हाताखाली येईल."

मी त्याला तिनं सोडवलेले पेपर दाखवले. त्यानं ते नीट पाहिले आणि म्हणाला, "तुमची माया हाय तिच्यावर. मशीनला कुणाची माया न्हाई." मी तो अहवाल ठेवून घेतला. त्यात लिहिलं होतं, 'संख्याज्ञान नाही. विचारलं की खाली बघते, बोटं मोडते.'

हे कुठंतरी वाचलंय असं तेव्हाच वाटलं होतं. आज कार्यालयात ओळीवरच्या बोटाचं आणि आठच्या पाढ्याचं ऐकलं आणि आठवलं. ही सगळी वाक्यं माझी होती.

थोडं मागं जाऊन सांगते. महिन्यातून एकदा आमच्या अकरा शाळांचे शिक्षक शिक्षण परिषदेला जमतात. तिथं एकदा कुणीतरी आफ्रिकेतल्या एका गावशाळेच्या बाईंनी केलेल्या प्रयोगाची झेरॉक्स वाटली. रोज एक तास मुलांना इयत्तेप्रमाणे नाही, तर जे येतं त्याप्रमाणे बसवायचं आणि प्रत्येकाचं कुठं अडतं ते एका ओळीत लिहून ठेवायचं. मी करून पाहिलं. वर्षभरात माझ्या वर्गातली जवळजवळ सगळी मुलं वाचायला लागली. त्या बाईंचं नावही मला धड उच्चारता येत नाही. त्यांनी आपलं काम झाकून ठेवलं नाही, मग मी तरी का ठेवू? मी माझी वही परिषदेत मांडली. इतर शाळाही तसं लिहायला लागल्या.

तेव्हा दयानंद आला. भूकंपानंतर किल्लारीकडच्या पत्र्याच्या शाळेत माझी पहिली नेमणूक झाली, तिथं तो तिसरीत होता. घरातली चार माणसं ढिगाऱ्याखाली गेलेली. सहा महिने तो माझ्या खुर्चीला टेकून बसायचा, बोलायचा नाही. मी त्याला बोलतं केलं. पुढं लातूरला त्यानं क्लासेस काढले, तेव्हा फीत मला कापायला लावली. तो म्हणाला, बाई, सगळ्या शाळांच्या वह्या द्या, कॉम्प्युटरवर घालतो, लातूरच्या शाळांनाही उपयोग होईल. मुलांची नावं आहेत म्हणून काही शिक्षक कचरत होते. त्यांना मीच सांगितलं, पोरगं माझं आहे, बिनधास्त द्या.

ते पोरगं आता स्टेजवरच्या पडद्याआड लॅपटॉप घेऊन बसलेलं मला दिसलं. दारावर प्रत्येक मुलाचं नाव, शाळा, इयत्ता लिहून घेत होते, 'ग्रह जुळवायला' म्हणून. ते कागद सरळ त्याच्याकडे जात होते.

मी घरी जाऊन माझी जुनी वही आणली. येताना ग्यानोबाला आणि तनुजाला बरोबर घेतलं. दारावर तनुजाचं नाव लिहिलं, स्टेजवर मात्र यंत्रावर अंगठा ठेवला तो माझा. महाराजांचे डोळे मिटलेलेच होते. प्रिंटर सुरू व्हायच्या आत मी माइक घेतला आणि वहीतली ओळ मोठ्यानं वाचली. मग कागद बाहेर आला. तो मी ग्यानोबाच्या हातात दिला. त्यानं अक्षरं जुळवत वाचलं, 'संख्याज्ञान नाही. विचारलं की खाली बघते, बोटं मोडते.'

"अंगठा बाईंचा आणि डोकं तनुजाचं?" रांगेतून कुणीतरी म्हणालं.

महाराजांनी डोळे उघडले. शिष्याच्या नाड्या गुरूच्या अंगठ्यात उतरतात, असं ते सांगू लागले. तेवढ्यात एक शेतकरी पुढं आला, मुलाचा अंगठा यंत्रावर दाबला आणि म्हणाला, नाव सांगत न्हाई, काढा कागद. हिरवा दिवा लागला. कागद निघाला नाही.

लोक खुर्च्या सरकवून उठले, पण ग्यानोबा हलला नाही. "म्हंजे मशीन न्हाई," तो मला म्हणाला, "तुमीच लिवलं व्हतं तिला येत न्हाई म्हणून."

हो, मीच लिहिलं होतं. भरल्या कार्यालयात ते सांगताना मला लाज वाटली, तरी सांगितलं. दुसरीत असताना मी तिला मराठीत आकडे विचारायचे आणि ती खाली बघायची. वर्षभरानं ती झाडाखाली चिंचोके मोजताना ऐकली. ओकटी, रेंडू, मूडू करत ती दोनशेवर गेली होती. तिची आई शरणम्मा तेलंगणातली. आईच्या भाषेत तिला सगळं येत होतं आणि मी कधी त्या भाषेत विचारलंच नव्हतं. दुरुस्ती मी नव्या वहीत केली, पण जुनीतली ओळ तोवर दयानंदच्या कॉम्प्युटरवर गेली होती.

"चूक माझी होती, ग्यानोबा. पोरीची नव्हती."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग पोरीकडे. मिरचीचं पीक घेणारा माणूस, त्यानं त्याचाच हिशेब घातला. "एकवीस पोती, पोत्यात सदतीस किलो. किती?"

तनुजाचे ओठ तेलुगूत हलले. "सातशे सत्त्याहत्तर," ती मराठीत म्हणाली.

ग्यानोबानं बोटांवर पडताळून पाहिलं. बराच वेळ लागला त्याला. "आर्ज कुठं हाय?" त्यानं विचारलं.

मी पडद्यामागं गेले. दयानंद वायरी गुंडाळत होता. "मी खोटं काय सांगितलं, बाई?" तो म्हणाला. "सगळं तुमच्याच वह्यांतलं. परिषदेत तुम्हाला वीस जण ऐकत होते. इथं बघा किती आले."

"उद्या त्या मुलाला काय शिकवायचं, ते कळावं म्हणून मी ती ओळ लिहिली होती. तू त्यावर त्याचा जन्म ठरवायला निघालास."

तो पुन्हा वायरी गुंडाळू लागला. या मुलाला मी बोलायला शिकवलं होतं आणि त्यानं माझ्याच शब्दांनी मला फसवलं. मी तिथंच बसून रडले, हे लपवत नाही.

पुढच्या परिषदेला अकरापैकी नऊ शाळांनी वह्या आणल्याच नाहीत. त्यांचा राग रास्त होता. मी उभी राहिले आणि तनुजाबद्दलची चुकीची ओळ आधी वाचली, मग ती का चुकली ते सांगितलं. यापुढं मुलांची नावं वहीत येणार नाहीत असं ठरलं. लिहिणं आणि एकमेकांना सांगणं मात्र थांबवू नका, असं मी हात जोडून म्हणाले. दोघी शिक्षिका मान डोलावून गेल्या. बाकीचे अजून तयार नाहीत.

तुम्हालाही तेच सांगते. तुमच्या पोराबद्दल कुणी काही सांगितलं, मग तो महाराज असो, क्लासवाला असो, परदेशी यंत्र असो की मी असो, पाया पडण्याआधी विचारा: हे तुम्हाला कळलं कसं? ज्याला खरंच कळलेलं असतं तो कसं कळलं ते सांगतो, कुठं चुकलं तेही सांगतो. जो सांगत नाही, त्याच्यासमोरून आपलं पोर उठवा आणि घरी न्या.