न सांगता ओढलेली वायर

"ताई, वायर ओढायच्या आधी तोंडाने सांगायचं, असं ठरलंय ना आपलं?" नाना सकाळीच पार्टिशनवरून ओरडले.

"सांगितलं हो! तुमचं लक्ष असेल तर ना," ताईंनी वळूनही न पाहता उत्तर दिलं.

हॉस्पिटलच्या त्या खोलीत नेटची वायर एकच आणि कॉम्प्युटर दोन. खिडकीशी बसून ताई पेशंटची नोंद करायच्या. आत नाना डॉक्टरीणबाईंच्या हस्ताक्षरातले गाठींचे रिपोर्ट टाइप करून पेशंटच्या मोबाइलवर पाठवायचे. दुसऱ्या वायरीसाठी तीन वर्षांत चार अर्ज गेले होते आणि कुठल्याशा फायलीत सुखाने नांदत होते. तोवर एका म्यानात दोन तलवारी. ज्याला गरज त्याने "घेतोय हं" म्हणायचं आणि वायर ओढायची. ओढून ओढून तिच्या टोकाची खिट्टी केव्हाच मोडली होती, त्यामुळे नुसता हिसका दिला तरी ती निघायची.

नाना सव्वीस वर्षं टाइप करत होते. मान कागदाकडे आणि बोटं आपली चालू. पडद्याकडे बघत टाइप करणारा माणूस त्यांच्या लेखी कच्चा. चुका इतरांनी करायच्या आणि नानांनी दाखवायच्या, अशी एकंदर वाटणी होती, आणि ताई ती गेली पाच वर्षं मुकाट्याने सोसत होत्या. मुकाट्याने म्हणजे अगदीच मुकाट्याने नव्हे.

पावणेबाराला नानांनी दोन रिपोर्ट टाइप केले, 'पाठवा'चं बटण दाबलं आणि चहा प्यायला गेले. परत येऊन जावक वहीत नोंद करायला बसले, तर सहाशे सतराच्या ओळीसमोर हातात डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी होती सहाशे एकाहत्तरची. नेहमीसारखा त्यांनी आकडा वहीतून घेतला होता आणि मजकूर चिठ्ठीवरून. चिठ्ठ्या मात्र उलटसुलट झाल्या होत्या.

म्हणजे सहाशे सतराचे अठ्ठावन्न वर्षांचे गृहस्थ, ज्यांची गाठ वाईट निघाली होती, त्यांना आपण 'काळजीचं कारण नाही' कळवलं. आणि चौतीस वर्षांच्या त्या बाईला, जिची गाठ साधी होती, तिला… नानांनी घड्याळाकडे पाहिलं. पाऊण तास होऊन गेला होता. एवढ्या वेळात त्या बाईने घरी फोनही केला असेल.

"घ्या नाना तुमची वायर, गर्दी संपली माझी," म्हणत ताई आत आल्या आणि त्यांच्या टेबलामागे वाकल्या.

नानांनी पडद्याकडे पाहिलं. कोपऱ्यात लहान अक्षरांत लिहिलं होतं, 'दोन रिपोर्ट पाठवायचे बाकी.'

"थांबा! लावू नका!" ते एवढ्या जोराने ओरडले की ताईंचं डोकं टेबलाला आपटलं.

"अहो, काय झालं?"

"वायर कधी ओढलीत तुम्ही?"

ताई कपाळ चोळत उभ्या राहिल्या. "साडेअकराला. हो, नाही सांगितलं. रांग दारापर्यंत गेली होती. आता काय बोलायचं ते बोला एकदाचं."

नाना खुर्चीत मागे टेकले. त्यांचा जीव भांड्यात पडला होता आणि चष्म्याच्या आत डोळे भरून आले होते. ताईंनी हे पाच वर्षांत कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे त्या घाबरल्या. त्यांनी वायर खाली ठेवली आणि स्टूल ओढून घेतलं. नानांनी सगळं सांगितलं. मग ताईंनी एकेक आकडा मोठ्याने वाचला आणि नानांनी, आयुष्यात पहिल्यांदाच, पडद्याकडे बघत दोन्ही रिपोर्ट दुरुस्त केले.

"सहाशे एकाहत्तर पाठवूया," नाना म्हणाले. "सहाशे सतराचा मी छापून डॉक्टरीणबाईंच्या हातात देतो. त्यांनी माणसाला बोलावून, समोर बसवून सांगावं. असलं मोबाइलवर कळू नये. आणि माझी चूकही सांगतो त्यांना."

"चूक कशाला सांगताय? बाहेर तर काहीच गेलं नाही."

"तुम्ही ओढलीत म्हणून नाही गेलं."

ताई पुन्हा टेबलामागे वाकल्या. त्यांनी वायर लावली आणि ती पुन्हा निसटू नये म्हणून बोटाने दाबून धरली. नानांनी बटण दाबलं आणि 'पाठवला' असं दिसेपर्यंत मान वळवली नाही.

"ती बघा, सहाशे एकाहत्तर," ताई आपल्या खिडकीशी जाऊन बाहेर बघत हळूच म्हणाल्या. "निळ्या पिशवीवाली. सकाळी आठपासून बसलीय बिचारी, जागची हललेली नाही."

नाना कागद घेऊन बाहेर आले तेव्हा ती मोबाइल दोन्ही हातांत धरून वाचत होती. वाचून झालं, तिने पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग मोबाइल पिशवीत टाकला आणि जवळून जाणाऱ्या नानांना म्हणाली, "काका, इथे प्यायचं पाणी कुठे मिळेल हो?"

"तुम्ही बसा, मी आणतो," नाना म्हणाले. सहाशे सतराचा कागद त्यांनी जपून घडी करून वरच्या खिशात ठेवला आणि ते पाणी आणायला गेले.