पोटाखालचं बारीक भोक

मित्रांनो, मी एक जुना सायलेन्सर आहे. जुना म्हणा, माझी हरकत नाही. भंगार म्हणाल, तर मात्र ऐकून घेणार नाही.

पळसदेवच्या सारजाबाईंच्या टेम्पोखाली मी टांगलेला असतो. उजनीच्या काठावर मासळी भरायची आणि इंदापूरच्या बाजारात पोचवायची, हे बाईंचं काम. टेम्पो त्या स्वतः चालवतात. इंजिनाचा तापलेला धूर आणि त्याचा आरडाओरडा मी पोटात घेतो आणि मागून हळूच सोडून देतो. दसऱ्याला हार बोनेटला, हळदकुंकू स्टिअरिंगला, मला फक्त चिखल. तरी मी कधी कुरकुरलो नाही.

माझ्या पोटाखाली पहिल्यापासून एक बारीक भोक होतं. धुरातली वाफ गार झाली की तिचं पाणी होतं, ते तिथून ठिबकून जाई. एके सकाळी बाईंचे यजमान म्हस्कू यांना टेम्पोखाली ओल दिसली. सायलेन्सर गळतोय असं समजून त्यांनी भोकात स्क्रू पिळून बसवला. माणूस काळजीपोटी चुकला, पण चुकला. पाणी पोटातच साचू लागलं. वरून मी धडधाकट दिसत होतो आणि आतून कुजत होतो.

शेवटी पोट फाटलं. धूर केबिनमध्ये शिरू लागला आणि टेम्पो असा गरजू लागला, की बाजारात लोक विचारत, "सारजाक्का, मासळी आणलीया का वरात?"

पुढच्या आठवड्यात बारामतीला आरटीओत टेम्पोचं पासिंग होतं. पासिंग नाही, तर धंदा बंद. इंजिनाच्या कामात घरची शिल्लक संपलेली, त्यामुळे नवा सायलेन्सर घेणं शक्य नव्हतं.

म्हस्कू म्हणाले, "इकून टाकू टेम्पो. भंगारवाला दारात येतो म्हणलाय."

"मला न इच्यारता त्याला सांगितलंतच कसं?" बाई कडाडल्या. "आता आला तर च्या पाजा, आन् लावा वाटंला."

दोघांनी टेम्पो निमगाव केतकीला दादासो वेल्डरकडे नेला. दादासोंनी मला खाली उतरवलं, उलटंसुलटं केलं आणि हात झटकले. "आक्का, ह्यात काय राम न्हाय."

मित्रांनो, मला तोंड असतं ना, तर तिथंच सुनावलं असतं! बाईंनी हातोडी उचलली. पोटाखाली मारली. भद्द! गंजाचे पापुद्रे गळाले. मग पाठीवर मारली. मी सगळा जीव एकवटून वाजलो. ठण्ण! शेजारच्या टपरीवर चहा पिणारी माणसं वळून बघू लागली.

"मेलेलं आसं वाजतं व्हय, दादासो?"

दादासो हसले. "वाजतंय खरं. पर नवा पत्रा तुमाला परवडायचा न्हाय."

"नवा कुणाला पायजे? ट्रॅक्टरचा त्यो मोडका मडगार्ड पडलाय की कोपऱ्यात."

कुजलेला भाग कापला गेला. ठिणग्या उडाल्या, मी हूं की चूं केलं नाही. मडगार्डचं ठिगळ पोटाला बसलं आणि मी पुन्हा टेम्पोखाली चढलो. इंजिन चालू करून दादासोंनी माझ्या मागच्या नळीच्या टोकाशी ओल्या गोणपाटाचा बोळा दाबून धरला. कुठूनही धूर फुसकला नाही. कोंडलेलं इंजिन आचके देऊन बंद पडलं. जोड पक्का होता.

बाईंच्या हातात मात्र कापून पडलेला तुकडा होता, आणि त्यात तो स्क्रू. "दादासो, आता हितं होतं तसं भोक पाडा."

"आगं, आत्ताच बुजवलंय की! परत भोक?" म्हस्कू ओरडले.

"आवं, वढ्याकडचं वावर पाणी साचून चिबड झालं, तवा चर कुणी खांदला? पाणी निघंना म्हणून मीठ फुटलं हुतं न्हवं का? मग ह्याच्या पोटातलं पाणी कुठं जायाचं?"

म्हस्कूंनी आपण पिळलेला स्क्रू ओळखला. मग त्यांनी दादासोंच्या हातून ड्रिल घेतलं आणि ते भोक स्वतः पाडलं.

बारामतीला टेम्पो पास झाला. भंगारवाला दारात आला, चहा पिऊन रिकामा गेला.

मित्रांनो, गाडीखाली थेंबभर पाणी दिसलं, तर बुजवायला धावू नका, आधी ते कुठून आणि का येतं ते बघा. आणि जुनी वस्तू टाकण्यापूर्वी एकदा वाजवून बघा. मी लोखंड आहे, गंज एक दिवस मला गाठणारच. पण त्यानं माझ्या मागं धावावं. मी उद्या पहाटे मासळी घेऊन इंदापूरला निघालोय.