रुसणाऱ्यांची चौकट

मोनिकाताईचं लग्न ठरलं त्याच संध्याकाळी आईनं ज्ञानेश्वरीला स्वयंपाकघरात बोलावलं आणि तव्यावर भाकरी टाकता टाकता सांगून टाकलं, "माईकवर तूच बोलायचं. बाहेरचा निवेदक मला नको म्हणजे नको."

ज्ञानेश्वरीला इतका आनंद झाला की कोपर लागून पाण्याचा तांब्या आडवा झाला. वर्षभरापूर्वी परिपाठात नुसता सुविचार सांगायचा म्हटलं तरी ती रांगेत मागं मागं सरकायची. मग नववीत मराठीच्या बाईंनी ढकलत ढकलत तिला वक्तृत्व स्पर्धेला नेलं, श्रीगोंद्यात तिचा पहिला नंबर आला, आणि तिथपासून जी तिची गाडी सुटली ती थांबायचं नावच घेईना. तिचे वडील, अप्पा, म्हणायचे, "हिला बंद करायचं बटन कुठंय तेवढं बाईंना विचारून या रे कुणीतरी."

पण आईला निवेदक नको होता त्याचं कारण हसण्यासारखं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी चुलतभावाच्या, महेंद्रदादाच्या लग्नात भाड्यानं आणलेल्या निवेदकानं गावातल्या झाडून सगळ्यांची नावं पुकारली आणि आईच्या सख्ख्या भावाला, गोरक्षमामाला, नुसतं "पारनेरचे पाहुणे" म्हणून उरकलं. नाव नाही, गाव तेवढं. मामा भरल्या ताटावरून उठला तो थेट मोटारसायकलला किक मारूनच थांबला. त्यानंतर त्याचा पाय काही बहिणीच्या गावाला, काष्टीला, लागला नव्हता. दोन भाऊबिजा आईनं ओवाळणीचं ताट तयार करून, रस्त्याकडं बघत बसून काढल्या होत्या.

आता लेकीचं लग्न. मामानं नवरीला हाताला धरून मंडपात आणायचं, मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या मागं उभं राहायचं. ती जागा रिकामी राहिली तर? मोनिकाताई स्वतः पारनेरला जाऊन, मामाच्या दारात तासभर बसून आमंत्रण देऊन आली होती. मामा म्हणाला होता, "येईन. पण ह्या बारीला काय वाकडं झालं, तर पुन्यांदा ह्या गोरक्षचं तोंड दिसायचं न्हाई."

"म्हणजे सगळं तुझ्या तोंडावर हाय बघ," आई म्हणाली.

ज्ञानेश्वरी तयारीला लागली. तिच्या मोबाईलमध्ये नोट्स लिहायचं एक ॲप होतं. अभ्यासासाठी घेतलं होतं, म्हणजे अप्पांना तसं सांगितलं होतं. ॲप उघडलं की पहिल्यांदा डॅशबोर्ड यायचा, आणि तो आपल्याला हवा तसा मांडता यायचा. चौकट हवी तर घ्या, नको तर लपवा, बोटानं धरून वर न्या, खाली न्या, रंग द्या. ओट्यावरचे डबे लावावेत तसं! लागणारा डबा पुढं, न लागणारा मागं. भूगोल आणि बीजगणित तिनं बिनदिक्कत मागं टाकलं, पाठीमागं ताईच्या शालूचा जांभळा रंग दिला आणि नव्या चौकटी मांडल्या. एक 'आलेले पाहुणे'. एक 'हळद ते पाठवणी'. एक 'ताईचे फोटो', त्यात ताईचे दात पडलेल्या वयापासूनचे फोटो, लग्नात मोठ्या स्क्रीनवर लावायला.

आणि एक चौकट अशी, की जिचं नाव वाचून आई पोट धरून हसली. 'रुसणारे'.

"अगं, कुणी बघितलं तर?"

"कोण बघतंय? माझा फोन हाय. तू सांग फक्त, कोण कशानं रुसतं."

मग आई सांगत गेली आणि ज्ञानेश्वरी लिहीत गेली. भागिरथीआत्या, फोटोत कडेला उभं केलं की रुसते, मधे घेणे. अप्पांकडचे सहादूआजोबा, फेटा घट्ट बांधला की रुसतात, सैल बांधला की जास्त रुसतात. वाल्मिकभाऊजी, जिलेबी विचारली की नको म्हणतात, पुन्हा विचारली नाही की रुसतात. सगळ्यात वर गोरक्षमामा. त्याच्यापुढं ज्ञानेश्वरीनं लिहिलं, 'पूर्ण नाव. सगळ्यांच्या आधी. पारनेरचे पाहुणे म्हणायचं नाही, जीव गेला तरी नाही.'

"त्याच्याच खाली अजून एक लिही," आई म्हणाली. " ल्हानपनी रुसला की गूळ-शेंगदाने दिले की हसायचा."

लग्नाच्या दिवशी सकाळी लॉन्सवर गेल्या गेल्या ज्ञानेश्वरीनं काय केलं, तर डॅशबोर्डच्या तळाशी असलेली 'रुसणारे' चौकट बोटानं धरली, ओढत ओढत थेट वर आणली आणि तिला लालभडक रंग दिला. डोळ्यांसमोर राहिलेली बरी. एवढ्या शहाणपणावर खूश होऊन तिनं स्वतःलाच शाबासकी दिली.

आणि खरंच, सुरुवात अशी झाली की काय सांगावं! कमानीतून मामाचा पांढरा सदरा दिसला न दिसला तोच ज्ञानेश्वरीनं माईक उचलला. "नवरीचे मामा, पारनेर येथील प्रगतशील शेतकरी, श्रीयुत गोरक्ष सहादेव औटी यांचं मंडपात आगमन झालेलं आहे! दोन्ही परिवारांच्या वतीनं त्यांचं मनापासून स्वागत!" आवाज लॉन्सच्या भिंतीला आपटून परत आला. मामा एक क्षण थबकला. मिशीवरून बोट फिरवलं. हसला नाही, पण पुढच्या सोफ्यावर येऊन बसला, फेटा बांधून घेतला, चहा घेतला. नवरीच्या खोलीच्या दारातून आईनं ज्ञानेश्वरीकडं बघून हात जोडले.

मुहूर्ताला अजून अर्धा तास होता. स्क्रीनवाला आला आणि म्हणाला, "ताईचे फोटो लावायचे होते ना? दे, फोन जोडतो."

तिनं फोन दिला. त्यानं तो जोडला, परत तिच्या हातात ठेवला. ज्ञानेश्वरीनं ऐटीत ॲप उघडलं.

ॲप उघडलं की पहिल्यांदा काय येतं? फोटो येत नाहीत. डॅशबोर्ड येतो.

स्टेजच्या बाजूला उभा केलेला तो स्क्रीन केवढा, तर ट्रॅक्टरची ट्रॉली उभी करावी एवढा. त्यावर लालभडक चौकट, आणि त्यात माणसाएवढ्या अक्षरांत: रुसणारे.

ज्ञानेश्वरीला आधी कळलंच नाही की लोक एकदम गप्प का झाले. मग तिनं मान वळवली आणि स्क्रीन बघितला. घाईघाईनं चौकट बंद करायला बोट लावलं. घामेजलेलं बोट ते, बंद करायच्या जागी चौकटीवरच पडलं. चौकट उघडली. पूर्ण. आता नुसतं नाव नव्हतं, कोण कशानं रुसतं तेही सगळं दिसायला लागलं. डीजेवाल्यानं वाचता यावं म्हणून गाणं बंद केलं.

"भागिरथीआत्या, फोटोत मधे घेणे," मागून कुणीतरी मोठ्यानं वाचलं. एक हसू फुटलं. सहादूआजोबांचा हात आपोआप फेट्याकडं गेला, तसे आणखी दहाजण हसले.

ज्ञानेश्वरी हसली नाही. तिचे डोळे फक्त पुढच्या सोफ्यावर होते. मामा उभा राहिला होता. ओठ हलवत, एकेक शब्द लावत वाचत होता. गोरक्षमामा. पूर्ण नाव. सगळ्यांच्या आधी. दोन वर्षांपूर्वी तो असाच उभा राहिला होता आणि मग किक मारल्याचा आवाज आला होता. बोलून बोलून गावाचे कान किटवणाऱ्या ज्ञानेश्वरीच्या हातात चालू माईक होता आणि तोंडातून एक अक्षर फुटत नव्हतं.

तेवढ्यात नवरीच्या खोलीचं दार उघडलं. आई बाहेर आली. नव्या साडीचा घोळ सावरत, कुणाकडं न बघता, हारवाल्यांना, वाजंत्र्यांना बाजूला सारत ती तडक भावासमोर जाऊन उभी राहिली आणि कमरेला खोचलेली कागदाची पुडी काढून उघडून त्याच्यापुढं धरली.

गूळ-शेंगदाणे.

"सकाळधरनं कमरेला लावून फिरतीये," आई म्हणाली. "कधी लागंल काय सांगता येतंय व्हय तुझं?"

मामानं पुडीकडं बघितलं. स्क्रीनवरची, आपल्या नावाखालची शेवटची ओळ पुन्हा वाचली. पुन्हा पुडीकडं बघितलं. "आक्का," तो म्हणाला, "तुला अजून आठवतं व्हय गं?"

"न आठवून सांगते कुनाला? फाटकी चड्डी घालून ज्वारीच्या कणगीमागं लपून बसायचा तू. मीच काढायचे ना बाहेर."

आणि हे सगळं चालू माईकमधून मंडपभर गेलं, कारण ज्ञानेश्वरी माईक धरून केव्हाच त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली होती. मंडप असा हसला की वरातीच्या घोड्यानं कान टवकारले. मामानं हसू दाबायचा प्रयत्न केला, गालात दाबलं, मिशीत दाबलं, शेवटी ते नाकातून बाहेर आलं. त्यानं चिमूटभर शेंगदाणे तोंडात टाकले आणि ज्ञानेश्वरीचा कान धरला. "पहिला लंबर हाय ना माझा? येवढ्या रुसनाऱ्यांत?"

"पहिला, मामा. आधीपासून."

"मग ठीक हाय."

ज्ञानेश्वरीनं कान सोडवून घेतला.

पण एवढ्यावर भागतंय होय! मधल्या रांगेतून बिभीषणकाका उठले. महेंद्रदादाचे वडील, ज्यांच्या घरच्या लग्नात मामाचं नाव राहिलं होतं तेच. चेहरा आंबट. "ए ज्ञाना! मी दोनदा वाचलं. माझं नाव कुठंय त्यात?"

"काका, तुम्ही कुठं रुसता?"

"का? आमाला काय रुसता येत न्हाई व्हय? घरातलं थोरलं मानूस मी, आन् यादीत नाव न्हाई? हे बघ, मी आत्ताच्या आत्ता रुसलो!"

"मग तुमी पन जा मोटारसायकलवर," मामा म्हणाला. "किक मी मारून देतो."

दोन वर्षांत त्या दोघांमध्ये झालेलं हे पहिलं बोलणं. काका आधी गोरेमोरे झाले, मग खो खो हसत सुटले, आणि मामानं सोफ्यावर सरकून त्यांना जागा करून दिली. ज्ञानेश्वरीचं तोंड आता पुरतं उघडलं होतं. तिनं माईकवर जाहीर केलं, "लोकाग्रहास्तव यादी वाढवण्यात येत आहे!" आणि सगळ्यांच्या देखत, मोठ्या स्क्रीनवर, एकेक अक्षर उमटवत लिहिलं: बिभीषणकाका, यादीत नाव नाही म्हणून रुसले.

टाळ्या पडल्या. मग काय, नवरदेवाकडचे वऱ्हाडीही ओरडायला लागले, आमचंही एक नाव घ्या, आमचेही एक भाऊजी हायेत, लई रुसतात.

"अगं, ताईचे फोटो!" अप्पा लांबून ओरडले, तेव्हा कुठं चौकट बंद झाली आणि दोन वेण्या घातलेली, पुढचे दात नसलेली मोनिकाताई स्क्रीनवर आली.

मुहूर्ताला मामानं ताईचा हात धरला आणि तिला मंडपात आणलं. अंतरपाटापाशी तो तिच्या मागं उभा राहिला, शेवटच्या मंगलाष्टकापर्यंत, फेटा डोळ्यांवर उतरला तरी हात न हलवता. आई समोर उभी राहून अक्षता टाकत होती, आणि त्या नवरानवरीपेक्षा भावाच्या अंगावरच जास्त पडत होत्या. पंगतीत बिभीषणकाकांनी स्वतः त्याला वाढलं. भरल्या ताटावरून उठलेला माणूस या वेळी ताट पुसून, ढेकर देऊन उठला.

पाठवणी झाली, रडून झालं. रिकाम्या मंडपात ज्ञानेश्वरी पाय पसरून बसली आणि तिनं फोन उघडला. डॅशबोर्डवर वर तीच लाल चौकट. तिनं गोरक्षमामाच्या नावाची ओळ बोटानं धरली आणि हळूहळू 'आलेले पाहुणे'कडं ओढायला लागली.

"काय करती गं?" मागून मामाचा आवाज आला.

"तुमचं नाव काढतीये मामा. आता कुठं रुसलात तुम्ही."

"खबरदार!" मामानं फेटा काखेत मारला आणि खाली वाकून स्क्रीनमध्ये डोकावला. "ऱ्हाऊ दे तिथंच. मान हाय तो माझा. आन् हे बघ, खाली लिही. भाऊबिजेला येनार हाय म्हनून. आक्काला सांग, ताटात गूळ-शेंगदाने पायजेत."