दोनशे बारावी फीत

डोंगरातल्या त्या शर्यतीत जो सगळ्यांच्या मागून यायचा, त्याला ‘शेपटी’ म्हणत. पुढच्यांनी पळावं, घाम गाळावा, फोटो काढून घ्यावेत. शेपटीने मागून येत झाडांना बांधलेल्या नारिंगी फिती सोडायच्या, पिशवीत भरायच्या आणि शेवटच्या माणसाला सोबत घेऊन परतायचं. सात वर्षं ती शेपटी होती. फिती बांधायचं काम तिच्या नवऱ्याचं.

“तो बांधतो, मी सोडते. आमचा संसारच तसा आहे,” असं ती पूर्वी म्हणायची आणि लोक हसायचे.

यंदा फिती मास्तरांनी बांधल्या. मास्तर म्हणजे शाळेत खेळ शिकवणारे, नवऱ्याचे लंगोटीयार, शर्यतीचं घड्याळ सांभाळणारे. नवरा आठ महिन्यांपूर्वी छापखान्यात, खुर्चीत बसल्या बसल्या गेला होता. हातातला चहासुद्धा सांडला नाही, असं लोकांनी तिला सांगितलं, जणू त्यात काही कौतुक होतं.

ती रडली नाही. तेव्हा नाही आणि नंतरही नाही. दाढ काढल्यावर गाल कसा होतो? असतो आपलाच, पण चावला तरी कळत नाही. तसं तिचं अख्खं अंग झालं होतं. सासूबाई म्हणायच्या, “अगं, रड एकदाची. दगडालासुद्धा पाझर फुटतो.” ती “हो आई” म्हणायची आणि भांडी घासायला घ्यायची. चार वर्षांच्या बिट्टीच्या वेण्या घालायची, एक घट्ट आणि एक सैल, आणि दिवस ढकलायची.

शर्यतीच्या सकाळी बिट्टी शाळेच्या मैदानात, आजीच्या मांडीवर बसून मोजा ओढत होती.

“आई, तू पळणार?”

“नाही. चालणार. सगळ्यांच्या मागून.”

“मग तू हरणार.”

“हो.”

“बरं,” म्हणून बिट्टी परत मोज्याकडे वळली.

मास्तर जवळ आले. दोनदा खाकरले. “वहिनी, जमणार नसेल तर अजूनही सांगा.”

“जाते की.”

“वरच्या वाटेचा पूल पावसात वाहून गेलाय. म्हणून यंदा दुभाट्यापासून, दोन वाटा फुटतात तिथून, खालच्या वाटेनं नेलंय. तीनला घड्याळ बंद. तीन म्हणजे तीन. बाकी नियम जुनेच.”

जुने नियम म्हणजे नवऱ्याचे. प्रत्येक फितीवर काळ्या शाईने आकडा घालायचा, म्हणजे एखादी राहिली तर कोणती ते कळतं. आणि फितीच्या चुकीने कुणी भरकटलंच, तर वाया गेलेला वेळ त्याच्या वेळेतून वजा करायचा. पण चुकीची फीत समोर ठेवायची, निकालाच्या तक्त्याला स्टेपल करायची. तोंडी काही चालणार नाही.

गेल्या वर्षी दोनशे बारा नंबरची फीत परत आली नव्हती. “तू विसरलीस,” तो म्हणाला होता. “तू बांधलीच नाहीस. अकरावरून तेरावर उडी मारलीस,” ती म्हणाली होती. भांडण चार महिने पुरलं. घरात काही सापडेनासं झालं, किल्ली म्हणा, चमचा म्हणा, बिट्टीचा डावा बूट म्हणा, की दोघांपैकी कुणीतरी म्हणायचं, “झालं का दोनशे बारा?” मग तो गेला आणि भांडण तसंच अर्धवट राहिलं.

यंदाची शेवटची धावपटू म्हणजे शिवणकाम करणारी मावशी. वय बावन्न, पायात सुनेचे बूट. दोनदा प्रयत्न करून दोन्ही वेळा वेळेबाहेर गेलेली.

“पोरी, हे शेवटचं हं,” पहिल्याच चढावर मावशीने सांगून टाकलं. “डॉक्टर म्हणाला, गुडघ्यात वंगण उरलेलं नाही. मी म्हटलं, बाबा रे, अजून एक शर्यत होईल एवढं सोड. तर म्हणाला, एकच. सून म्हणते, पदक आणलंत तर शिलाई मशीनच्या वर खिळा मी स्वतः ठोकते. तिला खिळा ठोकायला लावायचाच आहे मला!”

“लावू,” ती म्हणाली.

शेपटीने शेवटच्यापासून जरा अंतर ठेवायचं असतं, माणसाला मागून हाकल्यासारखं वाटू नये म्हणून. मावशीची निळी टोपी झाडांतून दिसत-लपत होती. ती फिती सोडत होती. मास्तरांच्या गाठी म्हणजे नुसता गुंता, नखं मोडली. पण हात आपोआप चालत होते. जंगल उंच होतं, ओलं होतं, पाखरं ओरडत होती. पूर्वी या वाटेवर तिचा जीव हरखून जायचा. आता झाडं ही फक्त झाडं होती, एक गेलं की दुसरं.

दुभाट्यावर तिने खालच्या वाटेची फीत सोडली आणि मान खाली घालून तशीच उतरत गेली. दहा-बारा फिती झाल्यावर ओढ्याचा चिखल लागला. चिखलात पुढे गेलेल्या सगळ्यांचे बूट उमटले होते, कडेने थोडं सुकलेले. ताजा ठसा एकही नव्हता.

तिने मान वर केली. निळी टोपी नव्हती.

“मावशी!”

ओढा तेवढा बोलला.

ती मागे फिरून दुभाट्यापर्यंत आली. घाबरायला हवं होतं, पण तिच्या डोक्यात फक्त एवढंच आलं की आता सोडलेल्या फितींच्या जागा मोकळ्या दिसतायत. मग तिने वर पाहिलं. वरच्या वाटेच्या तोंडावरच्या झाडाची मोठी फांदी वाऱ्याने मोडून पडली होती, आणि आतापर्यंत जे पानांआड होतं ते उघड्यावर आलं होतं. नारिंगी रंग उडून जर्दाळूसारखा झालेला. फीत उंचावर होती. गुरं खातात म्हणून नवरा नेहमी उंच बांधायचा आणि तिला उड्या मारताना बघून हसायचा.

फीत बांधलेली डहाळी धरून तिने खाली ओढली. फितीवर काळ्या शाईत आकडा होता. दोनाचं शेपूट वळवून काढायची त्याची सवय.

दोनशे बारा.

आता काहीतरी होईल, असं तिला वाटलं. काही झालं नाही. तिने गाठीसकट डहाळी मोडली. ती पिशवीत टाकली नाही. खिशात ठेवली, चेन लावली, आणि वरच्या वाटेने हाका मारत निघाली.

मावशी वाहून गेलेल्या पुलाच्या काठावर, दगडावर बसून केळं खात होती.

“ये. मला वाटलं, तुमच्या शर्यतीत पोहायचंही असतं.”

“मावशी, वाट चुकली.”

“मेले माझे डोळे! सुईत दोरा ओवायला दोन चष्मे लागतात मला. दिसली एक फीत, आले मुकाट. किती वाया गेलं?”

“दुभाट्यावर परत पोचेपर्यंत पस्तीस मिनिटं होतील.”

मावशीचं चावणं थांबलं. मग तिने केळ्याची साल नीट घडी घालून खिशात ठेवली. “माझीच चूक,” ती म्हणाली.

इथे खरं सांगायला हवं होतं. तिने खिशावर हात ठेवला आणि ती म्हणाली, “चला, पळू.”

आठ महिन्यांत ती पळाली नव्हती. पाय पळाले. उरलेल्या सात किलोमीटरभर मावशी पुढे, ती दोन पावलं मागे, वाटेत फिती ओरबाडत. मावशीचं गुडघ्याला शिव्या देणं चालू होतं, “चल रे मेल्या, आज चल, उद्यापासून झोपच आहे तुला!” उतारावर मावशीने तिचा हात धरला तो शेवटपर्यंत सोडला नाही. त्या हाताची पकड तिला कळत होती, पण लांबून, भिंतीपलीकडचं बोलणं कळावं तसं.

मैदानात आल्या तेव्हा घड्याळात तीन वाजून सतरा मिनिटं झाली होती. बहुतेक लोक पांगले होते. मास्तरांनी पदकांची पेटी टेबलाखाली सरकवली होती. मावशीने ती बघितली आणि न बघितल्यासारखं केलं.

“जाऊ दे हो मास्तर. सुनेच्या हातून भिंतीचं वाटोळं व्हायचं वाचलं.” हसायला गेली, पण हनुवटी ऐकेना. बाकावर पाठ फिरवून बसली आणि कधीचे सुटलेले बूट परत बांधू लागली.

खिशातली फीत कुणी पाहिलेली नव्हती. मावशी चूक आपली समजत होती. मास्तर काही विचारत नव्हते. नवऱ्याच्या हाताची अशी गाठ आता पुन्हा कुठे सापडणार नव्हती. ती मावशीच्या पाठीकडे बघत राहिली. मग टेबलापाशी गेली.

“दोनशे बारा,” ती म्हणाली.

मास्तरांनी झटकन मान वर केली. घरातलं ते भांडण त्यांनी शंभरदा ऐकलं होतं. तिने डहाळी टेबलावर ठेवली.

“दुभाट्यावर होती. वरच्या वाटेला. मावशींची चूक नाही, ही बघून गेल्या त्या. पस्तीस मिनिटं.” मग म्हणाली, “त्यानं बांधली होती. मीच सोडायची विसरले. त्याचं बरोबर होतं.”

मास्तर दोनाच्या वळवलेल्या शेपटाकडे बघत राहिले. “वहिनी, तुमचा शब्द पुरे आहे मला. ही तुम्ही ठेवा.”

“तोंडी चालत नाही. नियम कुणाचा आहे?”

तिने गाठीचं एक टोक धरून ओढलं. एका झटक्यात सुटली. त्याच्या गाठी तशाच असायच्या, दिसायला घट्ट, सुटायला सोप्या. मास्तरांनी फीत तक्त्यावर सपाट केली आणि स्टेपलर दाबला. मग खाकरून, अख्ख्या रिकाम्या मैदानाला ऐकू जाईल असं ओरडले, “दोन बेचाळीस! वेळेत!”

“कोण?” मावशी म्हणाली. “मी?”

पेटी पुन्हा बाहेर आली. मावशीने पदक दातांनी चावून पाहिलं. “खरंय की गं,” म्हणाली आणि मग मोठ्याने रडू लागली, रडता रडता सुनेला फोन लावू लागली. “हातोडी काढून ठेव,” एवढंच फोनवर नीट ऐकू आलं.

ती गवतावर बसली. बिट्टी आजीचा हात सोडून आली.

“आई, हरलीस?”

“हो.”

“बूट काढू?”

बिट्टीने नाडी ओढली, बूट खेचला. मोजा टाचेपाशी लाल झाला होता. केव्हा सोललं, तिला पत्ताच नव्हता. बिट्टीने मोजा गुंडाळत खाली आणला, गंभीरपणे निरखून पाहिलं आणि उघड्या जागेवर बोट टेकवलं.

तिने श्वास आत ओढला. पाय झटकन मागे गेला.

“दुखलं?”

“हो,” ती म्हणाली. स्वतःच्या टाचेकडे ती जरा आश्चर्याने बघत होती. “दुखलं गं.”

“परत दाबू?”

तिने पाय पुढे केला.

“हळूच,” ती म्हणाली.