बाईंचे बदाम

"बाई, ते बदाम नाताळच्या मिठाईचे आहेत, खेळायचे नाहीत," आरेतीची मारूसोआत्या म्हणाली.

स्तामाताबाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि टेबलाच्या मेणकापडावर शंभर बदाम मांडत राहिल्या. बेटावरच्या शाळेत त्यांनी जन्मभर गणित शिकवलं होतं. समोर बसलेली आरेती त्यांचीच विद्यार्थिनी, आता दिवस भरत आलेली. बेटावर दवाखाना नाही. हिवाळ्यात बोट दहा दिवसांनी एकदा येते, तीही वाऱ्याच्या मर्जीने. आजची धक्क्याला लागली होती आणि दुपारी सुटणार होती. पण आतल्या खोलीत आरेतीचे वडील अंथरुणाला खिळलेले. त्यांना सोडून तिचा पाय निघत नव्हता.

"पुढच्या बोटीने जाते ना, बाई. तारखेला अजून वीस दिवस आहेत."

"तारीख म्हणजे ही मधली रास. एक बदाम म्हणजे एक मूल. तारखेच्या आसपास पुष्कळ येतात, म्हणून मधे ढीग. दोन्हीकडे उतरत जातो, घंटेसारखा. पुढची बोट इथे." बाईंनी दहा दिवस अलीकडे सुरी ठेवली. "तिच्याआधी किती आले, मोज."

"शंभरात सोळा."

"वारा सुटून ती बोट चुकली, तर सुरी मधोमध. मग निम्मे."

"आकडेमोड करून पोरं होत नसतात," आत्या म्हणाली. "पोट बघा तिचं, किती वर आहे. नाताळ झाल्याशिवाय हे पोर हलत नाही. आणि चौऱ्याऐंशी तिच्या बाजूचे आहेत की."

"आहेत. मी कुठे नाही म्हणते? पण आपण सोळांत नाही, हे कुणी कुणाला आधी सांगत नाही."

बाईंचं मोठेपण हेच. कुणाला घाबरवायला त्यांनी सोळाचे कधी साठ केले नाहीत.

डाव्या टोकाला एकट्या पडलेल्या बदामावर आरेतीने बोट ठेवलं. "हा इतका अलीकडचा कोण?"

"होता एक," बाई म्हणाल्या.

आत्या काहीतरी बोलणार होती. बाईंकडे बघून ती उठली आणि आरेतीची पिशवी तिनेच भरायला घेतली.

पोर पलीकडच्या शहरातल्या दवाखान्यात तारखेनंतर आठवड्याने झालं, धडधाकट. मधल्या बोटीही वेळेवर आल्या. आणि आरेती तिकडे असतानाच इकडे वडील गेले, लेकीचं नाव घेत गेले. मग काय, कॉफीच्या दुकानात बाईंच्या घंटेचे वाभाडे निघाले. "गणिताने बापलेकीची ताटातूट केली," कोळी म्हणत. निकाल लागल्यावर उत्तर सगळ्यांनाच येतं. बाईंनी मात्र एकदाही आपली बाजू मांडली नाही.

आरेती परतली तो शनिवार होता, बायकांचा कबरींवरच्या दिव्यांत तेल घालायचा दिवस. बाळाला घेऊन ती घरी न जाता थेट वडिलांकडे गेली. दिवा लावताना तिला कोपऱ्यात बाई दिसल्या. त्यांच्यापुढे वीतभर उंचीचा क्रूस होता, त्यावर नाव नव्हतं. बाई दिव्याची काच पदराने पुसावी तशी स्कार्फच्या टोकाने पुसत होत्या.

बाईंना काय काय सुनावायचं, ते आरेतीने बोटीवर ठरवून ठेवलं होतं. ती बाळाला घेऊन त्या क्रूसाजवळ गेली.

"किती अलीकडे, बाई?"

"तीन आठवडे," बाई म्हणाल्या. "मीही म्हटलं होतं, पुढच्या बोटीने जाईन."

आरेतीने बाळ त्यांच्या हातात दिलं आणि आपल्या बाटलीतलं उरलेलं तेल त्या दिव्यात ओतलं.