इस्त्रीचं पाणी

पाणीखात्याच्या साहेबांनो, पाण्यातलं जंतू मारायचं औषध तुम्ही बदललंत आणि कुणाला सांगितलं नाहीत. नळ तुमचा, जलकुंभ तुमचा, औषधाची पोती तुमची; पिणारे तेवढे आम्ही. चव तीच, वास उलट आधीपेक्षा कमी, त्यामुळे कुणाला कळलंही नाही. कळलं ते ड्रायव्हरबाईच्या माशांना. मासे तक्रार घेऊन येत नाहीत, हे तुमच्या पथ्यावरच पडलं.

ड्रायव्हरबाई शाळेची बस चालवते. बसभर पोरांचा कालवा ऐकून घरी आली की काचेच्या टाकीसमोर स्टूल ओढते, आणि मग तिला हाक मारायची नवऱ्याची छाती नाही. नवरा शिंपी, दुकान घराच्या खालीच. टाकीत डिस्कसची जोडी. बशीसारखे चपटे, गोल मासे, आणि नखरे असे की रुसलेल्या व्याह्यांनी येऊन शिकवणी लावावी. नळाचं जड पाणी त्यांना सोसत नाही. म्हणून ओट्याखाली शुद्धीकरणाचं यंत्र. त्यातून करंगळीपेक्षा बारीक धार पडते आणि गॅलरीतला झाकणाचा पिंप कसाबसा भरतो. ते पाणी इतकं स्वच्छ की त्यात काही उरतच नाही. मग त्यात चिमटीने क्षार घालायचे, हीटर सोडून कोमट करायचं, हवेचे बुडबुडे सोडून रात्रभर मुरू द्यायचं. मग कुठे ते टाकीत जायचं.

"माझा चहा इतक्या निगुतीने कधी केला नाहीस," शिंपी म्हणायचा.

"तुम्ही अंडी घाला, मग बघू."

कारण या जोडीने प्रथमच पिल्लं जगवली होती. आधी प्रत्येक खेपेला अंडी स्वतःच गिळून मोकळे व्हायचे. या वेळी पिल्लं आईबापाच्या अंगाला चिकटली होती, त्यांच्या कातडीवरची साय खात होती. ड्रायव्हरबाई ते बघताना श्वासही हळू घ्यायची.

त्या दिवशी तिने टाकीतलं थोडं पाणी काढलं, पिंपातलं घातलं आणि बसवर गेली. मुलांना शाळेत सोडून परत आली, तर जोडी काळी पडलेली, पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होती. पिल्लं आईबापाच्या अंगावरून सुटून तळाशी पडत होती, भाजलेल्या मोहरीसारखी.

तिने हीटर चाचपला. ठीक. क्षारांची बरणी हुंगली. ठीक. पिंपाकडे गेली, तर मागे नळाची रबरी नळी, ओली.

"अहो, वर या."

शिंपी सुईदोऱ्यासकट आला. नळीकडे बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"वाफेच्या इस्त्रीला नेतो मी पिंपातलं. क्षार घालायच्या आधी. नळाच्या पाण्याने कपड्यांवर पांढरे डाग पडतात गं. मग नळाचं ओतून खुणेपर्यंत भरून ठेवतो. तुला कळू नये म्हणून."

"कधीपासून?"

"दुकानात ती इस्त्री आल्यापासून."

तिला ओरडायचं होतं, पण आधी मनात हिशेब सुरू झाला. इस्त्री येऊन वर्ष लोटलं होतं. वर्षभर हा माणूस थोडी थोडी भेसळ करत होता आणि वर्षभर मासे मजेत होते. मग आजच काय झालं? तिने शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानदाराला फोन लावला.

"ताई, माझ्याकडे अर्ध्या टाक्यांतले मासे गेले," तो म्हणाला. "पाण्यात नवीन औषध टाकतायत. आधीचं उघडं ठेवलं की उडून जायचं. हे उडत नाही, ठाण मांडून बसतं. तुमच्याकडे यंत्राचं निव्वळ पाणी असेल तर लगेच बदला."

निव्वळ पाणी कुठून आणणार? यंत्राची धार तिच्याकडे बघत हळूहळू पडत होती. ती ओट्यापाशी जाई, पातेल्यात डोकावे, टाकीपाशी येई, पुन्हा ओट्यापाशी. शिंपी दारात उभा राहून दोरा बोटाला गुंडाळत, सोडत होता.

"उभे काय राहिलात खांबासारखे?"

"अगं, पण निव्वळ पाणी तर माझ्याकडे आहे," तो म्हणाला. "दुकानात. कॅन भरून."

चोरलेलं तेवढंच चोख राहिलं होतं. दोघं जिना उतरले. येताना त्याने दोन कॅन उचलले, तिने एक; एक गिऱ्हाईक ब्लाउज हातात धरून बघत राहिलं. क्षार, किटलीतलं गरम पाणी, मनगटावर थेंब टाकून बघणं, बाळाच्या दुधासारखं. पेल्यापेल्याने जुनं काढलं, नवं घातलं. हवा वाढवली. त्या दिवशी दुपारची बस दुसऱ्याने नेली.

संध्याकाळी जोडीच्या अंगावर पुन्हा रंग चढू लागला. मादीच्या कल्ल्यामागे दोन-तीन पिल्लं चिकटलेली होती. बाकी सगळी गेली. शिंप्याने टाकीचा तळ साफ केला.

दुसऱ्या दिवशी ती पाणीखात्याच्या कचेरीत गेली. साहेब मोबाइलवरून मान वर न करता म्हणाले, "बाई, औषध माणसांना चालतं. माशांसाठी काय दवंडी पिटायची?"

"म्हणजे कुणालाच सांगितलं नाही?"

"असं कसं? मूत्रपिंड निकामी झालेल्यांचं डायलिसिसच्या यंत्रावर रक्त धुतात ना, त्यांना ते पाणी चालत नाही. इस्पितळांना आधीच कळवलं होतं."

"म्हणजे कळवता येतं तुम्हाला."

साहेबांनी मोबाइल खाली ठेवला. तिने टेबलावर हात टेकले.

"कुणाला बाधेल ते ठाऊक होतं. कुणाला सांगायचं तेही ठरलं होतं. मग आमच्या गल्लीत घरी यंत्र लावून रक्त धुणारं कोणी आहे का, हे बघितलंत? कुणाच्या घरात काय आहे, कोण काय पितं, कोण काय साठवतं, हे न विचारता आम्हाला सांगायची गरज नाही हे ठरवलं कोणी?"

"ते वरून आलं."

"वर कोण बसतं? त्यांचं नाव सांगा."

मागे रांग वाढली होती. कुणीतरी म्हणालं, "बाई, चला पुढे." ती हलली नाही.

"मी उभी आहे, साहेब. नाव सांगा."