तिसऱ्यांदा विचारताना

"पिवळा झेंडा वर केलाय त्याने," कानातल्या यंत्रातून निर्मातीबाईंचा आवाज आला. "कॅमेरे लागेपर्यंत बोलू नका हं सर. नाहीतर फुकट जाईल सगळं."

सूत्रसंचालक झाडाआड थांबला. हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर, नदीकाठी, एरवी लिफ्ट दुरुस्त करणारा तो स्पर्धक माणूस झेंडा धरून उभा होता. एका पायावर भार टाकून. दुसरा पाय घोट्यापाशी टम्म सुजला होता.

जंगलात एकट्याने तग धरायची स्पर्धा. झेंडा वर केला की माणूस घरी. फक्त त्याआधी सूत्रसंचालकाने तीनदा विचारायचं, 'तुम्हाला नक्की घरी जायचंय?' ही कल्पना त्याचीच. पहिल्या पर्वात एक मुलगी रागाच्या भरात झेंडा उचलून बसली आणि परतीच्या गाडीत ढसाढसा रडली, तेव्हापासूनची. प्रेक्षकांना तो प्रश्न इतका आवडला की बँकेतला कारकूनसुद्धा त्याच्याकडे बघून, "तुम्हाला नक्की पैसे काढायचेत?" असं विचारून स्वतःच हसायचा.

आज मात्र त्याला हा माणूस घरी जायला हवा होता. डॉक्टरीणबाईंनी सकाळीच हात टेकले होते. "पायात विष पसरतंय असं वाटतंय मला. पण ताप नियमातल्या आकड्याच्या आत आहे. मी काढलं तर वाहिनीवाले भांडतील. तो आपणहून निघाला तर सुटलो."

कॅमेरे लागले. तो पुढे झाला.

"तुम्हाला नक्की घरी जायचंय?"

"हो दादा, बास झालं." माणसाचे ओठ फुटले होते. "काल बायकोला हाक मारली मी. अन् तिने ओ दिली. इथे! घाबरलो मी."

याला धरावं आणि सरळ गाडीत नेऊन बसवावं, दुसरं काही सूत्रसंचालकाला सुचेना.

"सुंदर!" कानात आवाज. "आता दुसऱ्यांदा. जरा थांबून, प्रेमाने."

त्याने तिकीट मागावं तसं कोरडेपणाने विचारून टाकलं. माणसाने झेंड्याकडे पाहिलं.

"हो... म्हणजे, जायचंच म्हणून आलो होतो."

आता तिसऱ्यांदा. सूत्रसंचालकाने आवाजातली सगळी माया काढून टाकायचा प्रयत्न केला. इतक्या वर्षांची सवय, ती निघेना. शेवटी त्याने वाक्यच सोडून दिलं.

"तुम्ही घरी जा," तो म्हणाला. "पाय बघा तुमचा. आत्ता जा."

"सर, हे काय? वाक्य तेवढंच!" कान दणाणला.

माणसाच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं.

"दादा, मला डिवचताय होय! घरी जा म्हटलं की गडी पेटून उठतो, ठाऊक आहे तुम्हाला."

"नाही हो. खरंच सांगतोय."

"कळलं, कळलं." त्याने डोळा मारला. "आमच्या घरी सगळे तुमचाच कार्यक्रम बघतात. माझी लेक म्हणते, दादा ज्याला जास्त बोलतात ना, त्याच्यावरच त्यांचा भरवसा असतो."

"अहो, माझा काही भरवसा नाही तुमच्यावर!" सूत्रसंचालक ओरडलाच.

माणूस खूश होऊन मोठ्याने हसला. त्याने झेंडा गुंडाळून काखेत मारला, सूत्रसंचालकाचे दोन्ही हात हातात घेतले. त्याचे हात तापाने कढत होते.

"कुणीतरी असं पाठीशी असलं की बरं वाटतं, दादा."

"अप्रतिम," निर्मातीबाई म्हणाल्या. त्यांनी नाक ओढलेलं कानात ऐकू आलं.

काठाकाठाने लंगडत तो आपल्या ताडपत्रीकडे निघाला. डॉक्टरीणबाई गाडीचं दार उघडून उभ्या होत्या, त्यांनी ते लावून घेतलं. वळणावर माणूस थांबला, मागे वळला आणि झेंडा उंच धरून हलवू लागला.

"हात हलवा सर," कानात आवाज आला. "हसून."

सूत्रसंचालकाने हात हलवला. हसूही आलं, सवयीने.